लिहून देणार, लिहून घेणार

जव्हारचे वर्णन 'मिनी महाबळेश्वर' असे करण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ते 'ठाण्याचे महाबळेश्वर' होते, त्यानंतर 'पालघरचे' झाले. जिल्हा बदलला, महाबळेश्वर तेवढे कायम राहिले. एखाद्या चांगल्या कवीला आयुष्यभर दुसऱ्याच कवीच्या नावाने ओळखले जावे, तसा हा प्रकार आहे. वस्तुतः या गावाला स्वतःचे नाव आहे आणि ते जुने आहे. मुकणे घराण्याचे महादेव कोळी संस्थान चौदाव्या शतकात येथे उभे राहिले आणि १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज आणि जव्हारचे विक्रमशाह यांची भेट शिरपामाळावर झाल्याचे येथे प्रत्येक शाळकरी मूल सांगते. शेजारचे मोखाडे मात्र संस्थानात नव्हते. ते ब्रिटिश अमलात, शहापूरचे पेटे होते. नकाशावर आज हे दोन तालुके जोडनावासारखे एका दमात उच्चारले जातात. त्यांच्या इतिहासाचे कागद मात्र वेगवेगळ्या दप्तरांत आहेत.

मी २००६ मध्ये या भागात शिकवायला आलो. तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, आता सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या घरात आहे. म्हणजे माझ्या कमावत्या आयुष्याचा जवळजवळ सगळा काळ येथे गेला, आणि तो सगळा भाड्याच्या घरात गेला. नाशिकहून त्र्यंबक ओलांडून तोरंगणचा घाट उतरताना पहिल्या वर्षी पोटात गोळा येई. आता झोप लागते. चार महिने पाऊस असा, की कपाटातल्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी धरते. जूनमध्ये बाजारात शेवळे येतात आणि त्यांच्या शेजारीच काकडाची आंबट फळे ठेवलेली असतात. काकड घातल्याशिवाय शेवळ्याची खाज जात नाही, हे मला पहिल्या घरमालकिणीने शिकवले. दिवाळी झाली की वर्गातली बाके रिकामी होऊ लागतात. वसई, भिवंडी, कल्याणच्या बाजूला वीटभट्ट्या पेटतात आणि पाडेच्या पाडे कुलूप न लावता उठून जातात (कुलूप लावावे असे घरात काही नसते). ती माणसे शिमग्याला परततात. एप्रिल-मेमध्ये मोखाड्यात टँकर फिरतात. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या, मुंबईला पाणी देणाऱ्या मध्य वैतरणेचे धरण ज्या तालुक्यात २०१४ मध्ये पूर्ण झाले, त्या तालुक्यात. हे वाक्य मी अनेकदा लिहून पाहिले आहे; त्यात उपरोध आणण्याची गरज पडत नाही.

अलीकडच्या काळात मात्र या भागाविषयी बोलण्याची एक नवीच भाषा आमच्या कानांवर येऊ लागली. 'सेकंड होम', 'वीकेंड', 'व्हॅली व्ह्यू', 'निसर्गाच्या कुशीत'. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. त्यानंतर तर ज्या डोंगरावरून समुद्राची रेघसुद्धा दिसत नाही तेथल्या प्लॉटच्या जाहिरातीतही बंदराचे चित्र दिसू लागले. पावसाळ्यात शनिवार-रविवारी दाभोशाच्या धबधब्याकडे गाड्यांची रांग लागते. पाहायला येणाऱ्यांपैकी काहींना येथे राहावेसे वाटते, आणि राहावेसे वाटणाऱ्यांपैकी बहुतेकांना विकत घ्यावेसे वाटते. पाहणे, राहणे, घेणे ही क्रियापदे किती झपाट्याने एकमेकांत मिसळतात हे विचार करण्यासारखे आहे. प्रवासवर्णनांचा इतिहास शिकवताना आपण पहिल्याच क्रियापदापाशी थांबतो.

माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याचा दर दिवाळीला एकच प्रश्न असे : "इतकी वर्षं तिथे काढलीस, एखादा एकर घेऊन का ठेवत नाहीस?" आमची वडिलोपार्जित चार एकर जमीन संगमनेरकडे आहे. सातबाऱ्यावर माझे नाव असल्यामुळे कायद्याच्या लेखी मी शेतकरी आहे आणि महाराष्ट्रात कोठेही शेतजमीन घेण्यास पात्र आहे. येथे बिगरआदिवासींच्या मालकीच्या काही जमिनी आहेत, आणि त्यांचेच व्यवहार उघडपणे चालतात. मी त्या घेतल्या नाहीत. याला कोणी तत्त्वनिष्ठा समजू नये. घरच्या आजारपणांनी आणि शिक्षणाच्या खर्चांनी तत्त्वाला कसोटीला लागण्याची संधीच दिली नाही.

पण उरलेली, म्हणजे बहुतांश, जमीन आदिवासींची किंवा वनखात्याची आहे. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांचे हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्यात १९७४ च्या दुरुस्तीने कलम ३६-अ आले. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गाने पूर्वपरवानगीशिवाय देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या गहाणाला वा भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. इतर बाबतींत जिल्हाधिकाऱ्यांनाही आधी राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. पाठोपाठ जमिनी परत देण्याचा कायदाही झाला, आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातून गेलेल्या जमिनी त्याच्या कक्षेत आल्या.

हे कायदे आकाशातून पडले नाहीत. ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींच्या जमिनी सावकारांकडे कशा जातात याचा तपशील सिमिंग्टन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारला दिला होता. १९४५ पासून डहाणू-उंबरगावकडे वारल्यांचा उठाव झाला. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० चे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी अभ्यासक्रमात शिकवले आहे, आणि त्याला १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्याचे एका गुणाच्या प्रश्नात विचारलेही आहे. वेठबिगार आणि लग्नगडी यांच्याविषयी आपण तळमळीने बोलतो. त्या सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक कागद असे, आणि तो कागद मराठीत असे, याकडे मात्र मराठीचे प्राध्यापक म्हणून आपले फारसे लक्ष गेलेले नाही. माझे तरी २०२३ पर्यंत गेले नव्हते.

त्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर माझा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. त्याचे नाव येथे देत नाही. मोखाडे तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, घरात शिकलेला पहिलाच, मराठीत एम.ए., दुसऱ्या वर्गाला दोन-तीन गुण कमी पडले नाहीत म्हणून आम्ही दोघांनी पेढे खाल्लेले. तासिका तत्त्वावर दोन ठिकाणी शिकवायचा आणि सुटीचे पैसे मिळत नसल्याने मे महिन्यात बांधकामावर जायचा. त्याच्या पिशवीत चार कागद होते. "सर, भाषा मराठीच आहे, पण जरा तुम्ही वाचून बघा."

प्रकरण असे होते. शहरातल्या एका गृहस्थांना त्याच्या पाड्याशेजारची, दरीच्या कडेची तीन एकर वरकस जमीन हवी होती. मालक याच्याच भावकीतला म्हातारा. गृहस्थ आदिवासी नव्हते, त्यामुळे त्यांना ती घेता येत नव्हती. आदिवासीने आदिवासीची जमीन घेण्याची वाट तुलनेने मोकळी असते. म्हणून खरेदीखत माझ्या विद्यार्थ्याच्या नावे व्हायचे, पैसे गृहस्थांनी द्यायचे. पुढे विद्यार्थ्याने गृहस्थांना कुलमुखत्यारपत्र द्यायचे. शिवाय, आपण त्यांच्याकडून जमिनीच्या किमतीएवढी रक्कम उसनी घेतली असून ती मागताक्षणी परत करू, अशी पावती द्यायची. आणि शेवटी, जमिनीवर होणाऱ्या बांधकामाला आपली कायमची संमती असल्याचे हमीपत्र. या बदल्यात काही रक्कम रोख आणि दरमहा राखणीचे पैसे.

मी ते कागद दोन रात्री वाचले. पंचवीस वर्षे कविता आणि कादंबऱ्या वाचून जी काही वाचनाची शिस्त अंगी आली असेल ती सगळी वापरून वाचले. असे मराठी आपण वर्गात का शिकवत नाही, असे मला पहिल्याच पानावर वाटले. दस्तात दोन पात्रे असतात. जमीन घेणारा तो 'लिहून घेणार' आणि देणारा तो 'लिहून देणार'. यातला लिहून देणारा प्रत्यक्षात काहीच लिहीत नाही. लिहितो वकिलाचा कारकून, तोही लिहून घेणाराच्या सांगण्यावरून. तरी दस्तातले सारे प्रथमपुरुषी निवेदन देणाराच्या तोंडी असते. 'मी', 'माझे', 'मला', 'माझ्या वारसांना' अशी सर्वनामे पानोपानी येतात. दुसऱ्याने रचलेले आत्मकथन म्हणावे असा हा वाङ्मयप्रकार आहे, आणि सही करताना त्याचा निवेदक ते पहिल्यांदा ऐकतो. 'राजीखुशीने', 'अक्कलहुशारीने', 'कोणाच्याही दडपणास बळी न पडता' हे शब्द जेथे येतात तेथे वाचकाने सावध व्हावे. मोकळेपणाने दिलेल्या गोष्टीत मोकळेपणाची एवढी ग्वाही कोणी देत नाही.

मग मिळकतीचे वर्णन : जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधीनिक्षेपासह. एवढीच ओळ साऱ्या दस्तात सुंदर होती, आणि तीच सर्वांत सर्वभक्षक होती. चतुःसीमेत पूर्वेस गट नंबर, पश्चिमेस गट नंबर, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस ओहोळ. मी त्याला विचारले, "तुम्ही घरात या जमिनीची हद्द कशी सांगता?" तो म्हणाला, "खालच्या अंगाला सादडा, वरच्या अंगाला वाघदेव." वाघदेव म्हणजे वाघ आणि चंद्र-सूर्य कोरलेली खूण, वाघबारशीला सारा पाडा तिच्यापाशी जमतो. दस्ताच्या भाषेत सादडा हा तरु होता आणि वाघदेव हा पाषाण. म्हणजे तोही गेला. पाड्याचा देव एका म्हाताऱ्याच्या सहीने विकला जातो हे त्याच्या लक्षात आले नव्हते. मी दाखवल्यावर तो बराच वेळ त्या एका शब्दाकडे पाहत राहिला.

सातबाऱ्यावर या जमिनीचा एक तुकडा 'पोटखराब' म्हणून दाखवला होता. पोटखराब म्हणजे लागवडीस अयोग्य. त्या खराब्यात पाड्याचा झरा होता.

येथे थोडे विषयांतर करतो. माझा एक महाविद्यालयीन मित्र सिंगापुरात नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावर, किनाऱ्यालगतच्या एका लहानशा कोळी गावात त्याने घर 'घेतले'. छायाचित्रे उत्तम होती. नारळीची झाडे, उलथ्या ठेवलेल्या होड्या, ओसरीवर चहा. मी सहज विचारले, परदेशी माणसाला तेथे जमीन मिळते का? तो हसून म्हणाला, "कागदावर तिथल्याच एका माणसाची आहे. चांगला माणूस आहे." इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी फक्त तेथील नागरिकाला मिळते. तिला 'हक मिलिक' म्हणतात. परदेशी रहिवाशाला 'हक पाकाई' म्हणजे वापरण्याचा हक्क मिळू शकतो. त्यातला 'हक' हा आपलाच 'हक्क', आणि 'मिलिक' हा आपल्या 'मालका'च्या कुळातला. दोन्ही शब्द अरबीतून निघून दोन वेगवेगळ्या किनाऱ्यांना लागले. शब्दांबरोबर पळवाटही तीच. स्थानिकाच्या नावे खरेदी, मग कर्जाचा करार, मग मुखत्यारपत्र. असा व्यवहार उघडकीस आला तर तो रद्द होऊन जमीन सरकारजमा होते, असे त्या कायद्यातच म्हटले आहे. मित्राच्या 'चांगल्या माणसा'चे नाव मी विचारले, तेव्हा त्याला ते चटकन आठवले नाही.

मोखाड्याच्या कागदांकडे परत येतो. माझ्या विद्यार्थ्याला मी जे सांगितले ते एवढेच : १९८८ चा बेनामी व्यवहारांचा कायदा २०१६ मध्ये कडक झाला आहे, ज्याने पैसे दिले तोच नव्हे, ज्याने नाव दिले तोही त्यात गुन्हेगार ठरतो, शिक्षा एक ते सात वर्षे सक्तमजुरीची आहे, जमीन जप्त होते, आणि उसनवारीची ती पावती तर निव्वळ फास आहे, कारण जमीन हातून गेली तरी कर्ज तुझ्याच डोक्यावर राहील. त्याने सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाला, "सर, माझ्या नावाला आजवर कुणी किंमत दिली नव्हती. यांनी पहिल्यांदा दिली."

मला उत्तर सुचले नाही. जातीचा दाखला, एम.ए.ची पदवी, नीटनेटकी सही, एवढेच त्याचे भांडवल. पदवीला बाजारात भाव नव्हता, दाखल्याला होता. गुंतवणूक जमिनीत होत नव्हती, त्याच्या नावात होत होती.

थोड्या वेळाने तो पुन्हा बोलला, आणि या वेळी आवाजात धार होती. "कायदा आमची जमीन राखतो हे खरं. पण तुमच्या भावाला पोरीच्या इंजिनिअरिंगला पैसे लागले, तर तो अर्धा एकर विकेल. माझ्या बापाला ती सोय नाही. बँकवाले सातबारा बघतात आणि कागद परत देतात. त्याच्याकडे वीटभट्टीचीच सोय आहे. भट्टीचा मुकादम उचल द्यायला परवानगी मागत नाही."

या युक्तिवादाला सोपे उत्तर नाही, आणि ज्यांना ते सोपे वाटते त्यांच्याविषयी मला शंका येते. सप्टेंबर २०२५ मध्ये आदिवासींना आपली जमीन खासगी व्यक्तींना भाडेपट्ट्याने देणे सोपे करण्याची घोषणा महसूलमंत्र्यांनी केली, तेव्हा समर्थनार्थ मांडलेला मुद्दा जवळपास हाच होता : जमिनीतून मालकाला पैसा मिळू द्या. आदिवासी संघटनांनी विरोध केला. माझे मत विरोध करणाऱ्यांच्या बाजूने आहे. भाडेपट्ट्याचा कागदही शेवटी लिहून घेणाराच लिहवणार, आणि दरीच्या कडेला सिमेंटचे घर एकदा उभे राहिले की मुदत संपल्यावर ते कोणी खांद्यावर घेऊन जात नाही. विद्यार्थ्याने उचलीचा जो मुद्दा मांडला तो मात्र या मताने खोडला जात नाही. जमीन राखणाऱ्या कायद्याच्या जोडीला मेमध्ये काम, आजारपणात पैसा आणि पदवीला नोकरी मिळाली नाही, तर राखलेली जमीन माणसाला भट्टीवरून परत आणू शकत नाही. अशी काही माणसे येथे आहेतही, जी विकण्याऐवजी पिकवण्याची वाट धुंडाळतात. जव्हार-विक्रमगडकडे मोगऱ्याची लागवड झाली आहे, आणि पहाटे तोडलेल्या कळ्या मुंबईच्या बाजारात जातात. पण मोगऱ्याला उन्हाळ्यात पाणी लागते, आणि पाणी असलेली जमीन कोणाला दिसते हे वर आलेच आहे.

त्याने सही केली नाही. मी सांगितले म्हणून नव्हे. त्याच्या आईने वाघदेवाचे ऐकल्यावर ते कागद घरात ठेवू दिले नाहीत. गृहस्थांना महिनाभरात दुसरे नाव मिळाले. तीन एकराभोवती आता सिमेंटचे खांब आणि तार आहे. वाघदेवाला तारेबाहेर जागा ठेवली आहे, एवढी सभ्यता त्यांनी दाखवली. झरा आत गेला. फाटक संध्याकाळी सहापर्यंत उघडे असते आणि बायकांना हंडे नेऊ देतात; फाटकावर राखणीला म्हाताराच असतो, ज्याची जमीन होती तो. दरमहाचे पैसे त्याला मिळतात. माझा विद्यार्थी सध्या नाशिकला तासिकांवर शिकवतो. गेल्या वर्षी भेटला तेव्हा म्हणाला, "बरं झालं सर." त्यात कितपत खरेपणा होता हे मी निरखून पाहिले नाही.

व्यावहारिक मराठीच्या तासाला आम्ही पूर्वी अर्जलेखन, इतिवृत्त आणि जाहिरातलेखन शिकवत असू. आता दोन तास मी दस्ताला देतो. फळ्यावर 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असे दोन रकाने आखतो आणि मुलांना विचारतो, यातला 'मी' कोणाचा? पहिल्या वर्षी वर्ग गप्प राहिला. दुसऱ्या वर्षी शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, आमच्या घरात आढ्याला खोचलेली अशीच एक पुरचुंडी आहे, आजोबा ती कोणाला उघडू देत नाहीत. पुढच्या सोमवारी तिने छायाप्रत आणली. तिचे पाहून आणखी सहा जणांनी आणली. त्यांतले तीन कागद अजून मला नीट लागलेले नाहीत, अक्षर फार किरटे आहे. मुलीचा कागद मात्र स्वच्छ आहे : भाताची दोन खाचरे, चार सीमा, तेच जल-तरु-तृण, खाली डाव्या अंगठ्याचा ठसा आणि तारीख १४ मे १९७१. अंगठ्याशेजारी कोणीतरी तिच्या पणजोबांचे नाव लिहिले आहे, आणि ते चुकीचे लिहिले आहे. तालुका विधी सेवा समितीच्या वकिलांकडे ती पुढच्या आठवड्यात जाणार आहे. मूळ कागद न्यावा की प्रत, एवढे तिने काल विचारले. मी दोन्ही न्यायला सांगितले, आणि आजोबांनाही.